चढावर काळा, सकाळी पांढरा आणि मध्येच निळा धूर: इंजिन खोलावे का?

दहाचाकी (प्रश्न)

नमस्कार. माझ्या दहा चाकी ट्रकला सहा सिलिंडरचे, टर्बो आणि इंटरकूलर असलेले, जुन्या पद्धतीच्या इनलाइन डिझेल पंपावर चालणारे इंजिन आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक काहीच नसल्यामुळे स्कॅनर लावून कोड वाचण्याची सोय नाही. जे कळायचे ते डोळ्यांनी, कानांनी आणि नाकानेच. गाडी मी दोन वर्षांपूर्वी वापरलेली घेतली. मीटरवर सुमारे सहा लाख किलोमीटर आहेत आणि माझ्या माहितीप्रमाणे इंजिन अद्याप एकदाही खोललेले नाही.

त्रास असा आहे. भरलेली गाडी चढाला लागली की मागे काळ्या धुराचा लोट निघतो, आणि पूर्वी ज्या गिअरमध्ये चढ निघत असे त्याच्या एक गिअर खाली यावे लागते. डिझेल लिटरला चार किलोमीटर देत होते, ते आता साडेतीनच्या आसपास आले आहे. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर तीन-चार मिनिटे पांढरा धूर येतो, तो डोळ्यांना झोंबतो, आणि तेवढा वेळ इंजिन एका बाजूने लंगडल्यासारखे चालते. तिसरी गोष्ट म्हणजे गाडी पंधरा-वीस मिनिटे आयडलवर उभी राहिली आणि मग ॲक्सिलरेटर दाबला, की निळसर धुराचा एक मोठा ढग निघतो व नंतर विरतो. गेल्या बाराशे किलोमीटरमध्ये दोन लिटर ऑइल वरून घालावे लागले.

एका मेकॅनिकने ऑइल भरायचे झाकण काढून चालू इंजिनावर उलटे ठेवले, ते थडथड उडाले, आणि त्यांनी लगेच निकाल दिला की रिंगा गेल्या आहेत, बोअर-पिस्टनचे काम काढावे लागेल. दुसऱ्यांचे म्हणणे असे की दोष पंपात आहे, पंप उतरवून टेबलावर (पंप तपासून जुळवण्याच्या यंत्रावर) चढवा. एअर फिल्टर नवा घातला आहे, ऑइल आणि दोन्ही डिझेल फिल्टर बदलले आहेत, फरक पडलेला नाही. खोलण्यापूर्वी कोणत्या क्रमाने काय तपासावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

पंपटेबल

आपण धुराचा रंग आणि तो कधी येतो हे दोन्ही लिहिले, त्यामुळे अर्धे काम सोपे झाले. बहुतेक जण फक्त "गाडी धूर मारते" एवढेच सांगतात आणि मग समोरचा माणूस आपल्या हातात जे काम आहे तेच सुचवतो. पंपवाला पंप सुचवतो, इंजिनवाला इंजिन. मी स्वतः पंपाचे काम करतो, म्हणून आधीच सांगतो की पंप सर्वांत शेवटी उतरवा.

माझ्या मते आपल्याकडे एक नव्हे, तीन वेगळे दोष आहेत आणि ते एकाच वेळी दिसत असल्यामुळे एकाच मोठ्या दोषासारखे वाटतात. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी. तेथे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे मुळीच न जळलेल्या डिझेलची वाफ. निळा म्हणजे इंजिन ऑइल. पाण्याची वाफही पांढरीच दिसते, पण ती डोळ्यांना झोंबत नाही, सायलेन्सरपासून थोड्या अंतरावर विरून जाते आणि रेडिएटरचे पाणी कमी होत राहते. आपण पाण्याचा उल्लेख केलेला नाही, म्हणून हेड गॅस्केटचा विचार मी तूर्त बाजूला ठेवतो.

सुरुवात काळ्या धुरापासून करा, कारण ताकद आणि डिझेल दोन्ही तेथेच जात आहेत. फिल्टर आपण बदललाच आहे. आता टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि इंटरकूलरपासून इनलेट मॅनिफोल्डपर्यंतचा प्रत्येक होज हाताने चाचपून पाहा, विशेषतः खालची बाजू, जी वरून दिसत नाही. फाटलेल्या जागी धूळ आणि ऑइल मिळून काळा चिकट डाग पडलेला असतो. आयडलवर हा होज ठणठणीत वाटतो, कारण तेव्हा आत दाब जवळजवळ नसतो. लोडवर तो फुगला की चीर उघडते. म्हणून खात्री करायची असेल तर इंजिन बंद ठेवून टर्बोच्या तोंडाला घट्ट बूच बसवा, त्यातून रेग्युलेटर लावलेली हवा एक बारच्या आत सोडा आणि सगळ्या जोडांवर साबणाचे पाणी लावा. बूच सुटले तर गोळीसारखे येते, तेव्हा त्याच्या समोर उभे राहू नका. थोडी हवा उघड्या व्हॉल्व्हमधून इंजिनात जाऊन ब्रीदरमधून (इंजिनाच्या तळातला वायू बाहेर सोडणाऱ्या पाइपातून) किंवा सायलेन्सरमधून निघेल. ती गळती समजू नये.

आणखी एक जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एक्झॉस्ट ब्रेकची, म्हणजे उतारावर धूर अडवून गाडीचा वेग रोखणारी, झडप पूर्ण उघडते का ते पाहा. काजळीने तिचा दांडा अर्ध्यावर अडकला तर इंजिनाला श्वास सोडता येत नाही, आणि जुना धूर बाहेर न गेल्यामुळे नवी हवा आत येत नाही. लक्षणे हुबेहूब आपल्यासारखी: चढावर ताकद नाही, मागे काळोख.

सकाळच्या पांढऱ्या धुरासाठी कोणता सिलिंडर जळत नाही ते शोधा. रात्रभर थंड झालेले इंजिन सुरू करून पहिल्याच मिनिटात एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सहाही शाखांचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. जी शाखा इतरांपेक्षा थंड राहते तो आपला गुन्हेगार. थर्मामीटर नसेल तर आयडलवर एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल करा: चालू सिलिंडरचा नट सैल केला की इंजिनाचा आवाज पडतो, न जळणाऱ्याचा केला तर फरक पडत नाही, उलट धूर कमी होतो. चष्मा घाला आणि नटावर कापड धरा. ही पद्धत फक्त आपल्यासारख्या जुन्या पंपासाठी आहे. हा धागा कॉमन रेल इंजिन असलेले कोणी वाचत असेल तर त्यांनी चालू इंजिनावर पाइपाला हातही लावू नये. तेथे दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो आणि डिझेलची धार कातडीतून आत शिरते.

सिलिंडर सापडला की त्याचा इंजेक्टर काढून टेस्टरवर लावा. पुस्तिकेत दिलेल्या दाबाला तो उघडतो का, फवारा बारीक आणि सारखा येतो का, हे पाहाच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे उघडण्याच्या दाबापेक्षा २० बार कमी दाब १० सेकंद धरून ठेवा आणि नोझलच्या टोकावर थेंब जमतो का ते पाहा. टपकणाऱ्या नोझलचे डिझेल गरम इंजिनात कसेबसे जळून जाते, थंड इंजिनात मात्र धूर होऊन बाहेर पडते. नोझल चांगले निघाले तर त्या सिलिंडरचे टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासा, आणि त्यानंतर कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती दाबतो ते).

जुनाफिटर

एवढा लांबचा रस्ता कशासाठी? झाकण उडते आहे, ऑइल खाते आहे, सहा लाख किलोमीटर झाले आहेत. लायनर-पिस्टन-रिंगांचा संच टाका, हेडचे काम त्याच वेळी करून घ्या आणि पुढची काही वर्षे निर्धास्त राहा. मी आयुष्यभर हेच काम केले आहे आणि झाकण उडणारे इंजिन खोलल्यावर आत रिंगा चांगल्या सापडल्याचे मला फारसे आठवत नाही.

दहाचाकी

दोघांचेही आभार. पंपटेबल यांनी सांगितलेल्या क्रमाने तपासले.

इंटरकूलरमधून मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या होजला खालच्या बाजूने, क्लिपच्या अगदी कडेला, बोटभर लांबीची चीर निघाली. वरून होज नव्यासारखा दिसत होता. तो बदलला. ताकद बरीच परत आली, वरचा गिअर पुन्हा घेता येऊ लागला. काळा धूर मात्र निम्म्याने कमी झाला तरी पूर्ण गेलेला नाही. एक्झॉस्ट ब्रेकची झडप मोकळी आहे. सकाळी थर्मामीटरने पाहिले तेव्हा चौथ्या सिलिंडरची शाखा इतरांपेक्षा स्पष्टपणे थंड होती. तिचे नोझल टेस्टरवर टपकताना दिसले, म्हणून सहाही नोझल बदलून दाब जुळवून बसवले. आता सकाळी सुरू करताना किंचित धूर येतो आणि अर्ध्या मिनिटात जातो, लंगडणेही थांबले.

निळ्या ढगात मात्र काडीचाही फरक नाही, आणि झाकण अजूनही उडते. म्हणजे जुनाफिटर यांचे म्हणणे निदान ऑइलच्या बाबतीत खरे आहे का? इंटरकूलरच्या होजमध्येही आतून ऑइल ओले होते.

पंपटेबल

होजची चीर सापडली हे चांगले झाले, पण त्यामुळे मला एक नवी शंका आली आहे. आपल्या पंपाच्या गव्हर्नरवर एक डबीसारखा भाग असेल, ज्यात मॅनिफोल्डकडून बारीक पाइप येतो. टर्बोचा दाब त्या डबीतील पडद्यावर पडतो, आणि दाब पुरेसा वाढेपर्यंत ती डिझेल रोखून धरते. होज फाटून मॅनिफोल्डमधला दाब कमी झाला, तर नीट लावलेली डबी डिझेलही त्याच प्रमाणात कमी करते. अशा वेळी गाडीची ताकद जाते, पण धुराचा लोट निघत नाही. आपल्याकडे ताकद गेली आणि लोटही निघाला, आणि होज बदलल्यावरही धूर उरला, याचा अर्थ कोणीतरी ती डबी सैल केली आहे किंवा पूर्ण लोडच्या डिझेलचा स्क्रू वाढवला आहे. पंपावरील सील शाबूत आहेत का ते पाहून सांगा. स्क्रूला हात लावू नका.

रात्रपाळी

निळ्या धुराबद्दल मला वेगळे सांगायचे आहे, आणि जुनाफिटर यांच्या अनुभवाचा मान राखूनच सांगतो. झाकण उडते याचा अर्थ एवढाच होतो की क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीत, दाब आहे. तो दाब कोठून आला हे झाकण सांगत नाही. रिंगांमधून आला असेल, ब्रीदर चोंदल्यामुळे नेहमीचाच वायू कोंडला असेल, टर्बोच्या सीलमधून आला असेल. आणि ट्रकच्या बाबतीत आणखी एक वाट असते, ती म्हणजे ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर. तो इंजिनाच्याच ऑइलवर चालतो आणि त्याचा तळ इंजिनाच्या क्रँककेसला मोकळा असतो. त्याच्या रिंगा झिजल्या की दाबलेली हवा टाकीत जाण्याऐवजी खाली इंजिनात उतरते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते इंजिनाचेच ब्लो-बाय (रिंगांमधून खाली निसटलेला वायू) वाटते.

आता निळा धूर यात कोठे बसतो ते पाहा. टर्बोचे ऑइल पंपाने परत खेचले जात नाही; ते केवळ स्वतःच्या वजनाने रिटर्न पाइपातून संपमध्ये (तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरते. क्रँककेसमध्ये दाब वाढला की ते उतरायला अडखळते, टर्बोच्या मधल्या भागात साचते आणि दोन्ही बाजूंच्या सीलमधून झिरपते. आयडलवर हवेचा दाब नसतो, त्यामुळे ते झिरपणे सर्वांत जास्त तेव्हाच होते; साचलेले ऑइल नंतर ॲक्सिलरेटर दाबल्यावर एकदम जळून ढग होतो. होज आतून ओला असण्याचे कारणही तेच. थोडासा ओलावा चालू इंजिनात असतोच, पण होज काढल्यावर ऑइल ओघळत असेल तर इंटरकूलर उतरवून धुऊन घ्या. त्यात साचलेले ऑइल एकदम इंजिनात ओढले गेले तर इंजिन डिझेलशिवाय त्याच ऑइलवर सुसाट सुटते आणि स्टॉपची केबल ओढूनही थांबत नाही. मग हवेचे तोंड बंद करणे किंवा ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडणे एवढेच हाती उरते. मी तो प्रसंग एकदा पाहिला आहे आणि पुन्हा पाहण्याची इच्छा नाही.

परीक्षा अशी करा. चाकांना ओट लावा, ब्रेकच्या टाक्या पूर्ण रिकाम्या करा आणि तळाच्या कॉकमधून काय निघते ते पाहा. पाणी निघणे स्वाभाविक आहे. काळपट ऑइल किंवा दुधाळ चिकट पदार्थ निघाला तर कॉम्प्रेसर ऑइल फेकतो आहे. मग इंजिन सुरू करून एकाच आरपीएमवर ठेवा आणि ब्रीदरच्या तोंडाशी पाहत राहा. टाक्या भरत असताना, म्हणजे कॉम्प्रेसर कामावर असताना, ब्रीदरमधून किती जोराने वायू येतो ते पाहा. नंतर साधारण ८ बारच्या आसपास दाब पूर्ण होऊन अनलोडर (कॉम्प्रेसरवरचा भार काढणारी झडप) फुस्स करतो, त्या क्षणी तो जोर पडतो का ते पाहा. पडला तर दोष कॉम्प्रेसरचा. पडला नाही तर ब्रीदरचा पाइप आतून साफ करून पुन्हा पाहा, आणि तरीही तसाच राहिला तर मात्र जुनाफिटर यांना बोलवावे लागेल.

टर्बोही हाताने पाहून घ्या. इंजिन थंड असताना शाफ्ट आडवा किंचित हलणे ठीक आहे, कारण तो ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो. पण पुढे-मागे खेळ जाणवला किंवा पात्या कवचाला घासल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बोचेच काम निघेल.

ऑइल किती जाते हे किलोमीटरवर न मोजता डिझेलवर मोजा. बाराशे किलोमीटर म्हणजे आपल्या हिशेबाने साडेतीनशे लिटरच्या आसपास डिझेल, त्यात दोन लिटर ऑइल, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत यासाठी मर्यादा दिलेली असते. ती पाहून ठेवा, म्हणजे पुढे कोणी "फार खाते" म्हणाले तर तुलना करता येईल.

जुनाफिटर

कॉम्प्रेसरचा मुद्दा मान्य. मी इंजिन खोलत असे तेव्हा कॉम्प्रेसरही त्याच वेळी दुरुस्त होत असे, त्यामुळे धूर नेमका कशामुळे गेला हे वेगळे कधी पाहिलेच नाही. तरीही एक सांगतो: वरची परीक्षा झाल्यावर सहाही सिलिंडरचे कॉम्प्रेशन घ्याच. इंजिन गरम हवे, बॅटरी पूर्ण भरलेली हवी आणि डिझेल बंद हवे. एकट्या आकड्यापेक्षा सहा आकड्यांमधला फरक महत्त्वाचा. पाचांचे सारखे आणि एकाचे पडलेले असेल तर त्या एकाचा शोध घ्या. सहाही सारखेच पण पुस्तिकेतील किमान आकड्याखाली असतील, तर इंजिनाचे वय झाले. आणि पेट्रोल इंजिनाप्रमाणे सिलिंडरमध्ये ऑइल ओतून पुन्हा कॉम्प्रेशन घेण्याचा उद्योग डिझेलमध्ये करू नका. पिस्टनच्या वर जागा इतकी थोडी असते की थोड्या ऑइलनेही आकडा खोटा वाढतो, आणि जास्त पडले तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

दहाचाकी

उशीर झाल्याबद्दल क्षमस्व. गाडी भाड्यावर होती.

टाक्यांमधून पाण्याबरोबर काळे ऑइल निघाले, आणि पहिल्या टाकीतून तर वाटीभर. ब्रीदरची परीक्षा तिघांनी मिळून केली: एक जण दाबाच्या काट्याकडे, एक ब्रीदरकडे आणि मी ॲक्सिलरेटरवर. अनलोडर सुटताच ब्रीदरचा जोर इतका पडला की परत परत करून पाहावेसे वाटले. कॉम्प्रेसर उतरवला तेव्हा त्याच्या बोअरमध्ये उभे ओरखडे होते आणि एक रिंग तुटलेली होती. दुरुस्त केलेला कॉम्प्रेसर बसवला, ब्रेकच्या एअर ड्रायरचे काडतूसही बदलले, कारण ते ऑइलने माखले होते. इंटरकूलर धुऊन घेतला. टर्बोच्या शाफ्टला पुढे-मागे खेळ नाही.

त्यानंतर आठशे किलोमीटर झाले आहेत. निळा ढग दोन दिवस थोडा थोडा येत राहिला, बहुधा सायलेन्सरमध्ये साचलेले ऑइल जळत असावे, आणि मग थांबला. डिपस्टिकवर ऑइल अजून वरच्या खुणेच्या जवळच आहे. झाकण उलटे ठेवले तर किंचित थरथरते, उडत नाही. कॉम्प्रेशनही घेतले: सहाही आकडे पुस्तिकेतील किमान मर्यादेच्या वर आहेत आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी यांच्यात दोन बारचा फरक आहे.

पंपाचे सील मात्र तुटलेले निघाले. पूर्ण लोडच्या स्क्रूचे आणि डबीचे, दोन्ही. आधीच्या मालकांनी ताकद वाढवून घेतली असावी. भरलेल्या गाडीत चढावर अजून काळा धूर येतो, पण पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी. हा स्क्रू मीच अर्धा फेरा मागे घेतला तर चालेल का?

पंपटेबल

नाही. अर्धा फेरा म्हणजे किती डिझेल हे टेबलाशिवाय कोणालाच सांगता येत नाही, आणि डबी व स्क्रू दोन्ही हलवलेले असताना एकच मागे घेतला तर आयडल ते पूर्ण लोड यांमधला मेळ आणखी बिघडेल. जास्त डिझेलमुळे केवळ धूर होत नाही, एक्झॉस्टचे तापमानही वाढते, आणि ज्या टर्बोला आपण आताच वाचवले त्याच्या पात्यांवर व पिस्टनच्या माथ्यावर त्याचा मार बसतो. तोवर चढाला एक गिअर आधीच खाली घ्या आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरू नका.

पंप आता उतरवायला हरकत नाही, कारण बाकी सगळे तपासून झाले आहे आणि टेबलावर चढवणाऱ्याला नेमके काय सांगायचे हे आपल्याला माहीत आहे. उतरवण्यापूर्वी इंजिन पहिल्या सिलिंडरच्या डिझेल सुटण्याच्या खुणेवर आणून ठेवा, कपलिंगवर आणि पंपाच्या फ्लँजवर छिन्नीने बारीक खूण करा, आणि डबीकडे येणाऱ्या बारीक पाइपात काजळी नाही ना ते फुंकून पाहा. पंप परत बसल्यावर टायमिंग पुन्हा तपासून घ्या. ते मागे राहिले तर सकाळचा पांढरा धूर परत येईल आणि या वेळी तो एका सिलिंडरचा नसेल, सहाही सिलिंडरचा असेल.

दहाचाकी

समजले. पुढच्या आठवड्यात गाडी रिकामी आहे, तेव्हा पंप उतरवतो. खुणेचा फोटोही काढून ठेवीन.